कलम २४ आणि देशाबाहेर ५१ वर्षं चाललेलं पोलंडचं सरकार

पोलंडचं एक सरकार १९३९ साली देशाबाहेर गेलं आणि त्याचे शिक्के १९९० साली परत आले. मधली ५१ वर्षं ते चालू होतं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष वारायचे, नवे शपथ घ्यायचे, पंतप्रधान बदलायचे, कॅबिनेटच्या मीटिंगा व्हायच्या, जोरदार भांडणं व्हायची, एकदा तर उभी फूटही पडली, फक्त राज्य करायला देश हातात नव्हता. दुसरीकडे वॉर्सात एक सरकार होतं ज्याच्याकडे जमीन, पोलीस, रेल्वे, कारखाने सगळं होतं आणि जगातले जवळपास सगळे देश त्यालाच पोलंड मानत होते. दोघांत खरं कोण, हा वाद ऐकायला वकिली वाटतो. पण या वादात माणसांच्या नागरिकत्वाचं काय झालं, घरांचं काय झालं, सोन्याचं काय झालं, हे बघायला लागलं की तो वकिली राहत नाही. आणि आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचाही त्यात छोटासा पण खराखुरा भाग आहे, तो पुढे येईलच.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन हप्त्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंड वाटून घेतला आणि पुढची १२३ वर्षं नकाशावर पोलंड नव्हताच. ११ नोव्हेंबर १९१८ ला स्वातंत्र्यलढ्यातले नेते पिल्सुद्स्की यांच्या हातात वॉर्सातली सूत्रं आली आणि राज्य परत उभं राहिलं. त्यामुळे "तुमचं राज्य आता संपलं" हे वाक्य पोलिश माणसाला इतिहासाच्या पुस्तकातलं वाटत नाही, त्याच्या आजोबांनी ते ऐकलेलं असतं. १९३९ मध्ये जे लोक निर्णय घेत होते ते सगळे फाळणीच्या काळात जन्मलेले, कोणी रशियन प्रजा म्हणून, कोणी ऑस्ट्रियन. राज्य कागदावर तरी जिवंत ठेवायचंच हा त्यांचा हट्ट तिथून आलेला आहे.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी घुसली. १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा आल्या. त्या पहाटे मॉस्कोत पोलिश राजदूत गझिबोव्स्कींना बोलावून एक नोट वाचून दाखवली गेली, की पोलिश राज्य आणि त्याचं सरकार यांचं अस्तित्व संपलेलं आहे, सबब त्यांच्याशी केलेले करारही संपले. गझिबोव्स्कींनी ती नोट घ्यायलाच नकार दिला. गंमत म्हणजे त्या क्षणी सरकार पोलंडच्याच भूमीवर होतं, आग्नेय टोकाला कुती नावाच्या गावाच्या आसपास. पण सोव्हिएत रणगाडे तिकडेच येत होते, म्हणून त्या रात्री राष्ट्राध्यक्ष मोश्चित्स्की, पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री बेक असे सगळे चेरेमोश नदीवरचा पूल ओलांडून रोमानियात गेले. सरसेनापती रिद्झ-श्मिगवीही गेले, आणि सैन्य लढत असताना सेनापती निघून गेला हे पोलिश लोकांनी त्यांना कधी माफ केलं नाही. रोमानिया मित्रदेश होता, तिथून बंदर गाठायचं आणि फ्रान्सला जायचं असा प्लॅन होता. पण जर्मनीने रोमानियावर दबाव टाकला आणि सगळ्यांना नजरकैदेत टाकलं गेलं. नवीन पोलिश सरकार आपल्या पसंतीचं असावं असं फ्रान्सलाही वाटत होतंच, त्यामुळे या मंडळींना सोडवायची त्यांनाही फार घाई नव्हती.

म्हणजे देश गेला, आणि सरकार परक्या देशात कोंडलेलं, सही करायलाही मोकळं नाही. अशा वेळी साधारणपणे विषय तिथेच मिटतो. पोलंडचा मिटला नाही, कारण १९३५ च्या घटनेत एक कलम होतं.

ही घटना कशी आली हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९२६ मध्ये पिल्सुद्स्कींनी लष्कर घेऊन सत्ता बळकावली होती, त्यांच्या गटाला स्वतःच्या सोयीची घटना हवी होती पण संसदेत दोन तृतीयांश मतं नव्हती. २६ जानेवारी १९३४ ला विरोधक निषेध म्हणून सभागृहातून उठून गेले आणि तेवढ्यात सरकारी बाजूने नव्या घटनेचा मसुदा मंजूर करून टाकला. सभात्याग करून विरोधकांनी नेमकं काय मिळवलं हा प्रश्न आपल्यालाही ओळखीचा आहे. पुढे वर्षभर सोपस्कार चालले आणि २३ एप्रिल १९३५ ला सही झाली. या घटनेत राष्ट्राध्यक्ष हा जवळजवळ राजाच, राज्याच्या भवितव्यासाठी तो फक्त देव आणि इतिहास यांना जबाबदार असं कलम २ मध्येच लिहिलंय. लोकशाहीच्या नजरेतून बघाल तर वाईट घटना, तिचा जन्मही संशयास्पद.

पण तिच्यातलं कलम २४ असं, की युद्ध सुरू झालं तर राष्ट्राध्यक्षाची मुदत तह झाल्यानंतर तीन महिन्यांपर्यंत आपोआप वाढते, आणि तहाच्या आधीच पद रिकामं झालं तर कोण येणार हे राष्ट्राध्यक्षाने एका वेगळ्या आदेशाने ठरवून सरकारी गॅझेटमध्ये छापायचं. ना निवडणूक, ना संसद. एका माणसाने दुसऱ्याचं नाव लिहायचं, झालं. इतकी सत्ता एकट्या माणसाच्या हातात देऊन ठेवली होती म्हणूनच ती एका कागदावरून देशाबाहेर काढता आली. १९२१ च्या जुन्या, जास्त लोकशाही घटनेत राष्ट्राध्यक्ष संसदेकडून निवडला जायचा, आणि सप्टेंबर १९३९ मध्ये ती संसद कुठून आणणार होते? माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात अवघड जागा ही आहे, की हुकूमशाही वळणाचं कलम होतं म्हणून राज्य वाचलं, आणि तेच कलम पुढे पन्नास वर्षं त्या राज्याच्या बोकांडी बसलं.

मोश्चित्स्कींनी युद्धाच्या पहिल्याच दिवशी रिद्झ-श्मिगवींचं नाव लिहून ठेवलं होतं, पण ते स्वतःच नजरकैदेत. मग रोममधले राजदूत व्येन्यावा-द्वुगोशोव्स्की यांचं नाव निघालं, घोडदळातले अधिकारी, कवी, पार्ट्यांसाठी प्रसिद्ध. फ्रेंच सरकारने सरळ सांगितलं की हा माणूस आम्ही मान्य करणार नाही. शेवटी पॅरिसला पोचलेले व्वादिस्वाव राच्केविच यांच्यावर एकमत झालं, हे आधी गृहमंत्री, सेनेटचे अध्यक्ष वगैरे राहिलेले, कोणाला फारसे खुपणारे नव्हते. आता अडचण अशी की मोश्चित्स्की रोमानियात बिकाझला कैदेत असताना सही करतायत, मग कोणी उद्या म्हणाला की कैदेतल्या माणसाची सही ग्राह्य कशी, तर? म्हणून आदेशावर जागा लिहिली कुती आणि तारीख टाकली १७ सप्टेंबर, म्हणजे पोलंडच्या भूमीवरचा शेवटचा दिवस. कलमाप्रमाणे गॅझेटमध्ये छापायला हवं म्हणून सरकारी गॅझेट पॅरिसमध्ये छापलं. ३० सप्टेंबरला पोलिश दूतावासात राच्केविचनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी जनरल सिकोर्स्की पंतप्रधान झाले.

हे सिकोर्स्की पिल्सुद्स्की गटाचे कट्टर विरोधक. त्यांच्या आणि त्यांच्या बरोबरच्या बहुतेक पक्षांच्या मते १९३५ ची घटनाच बेकायदेशीर होती. आणि आता ते त्याच घटनेखाली पंतप्रधान. मधला मार्ग असा निघाला की नोव्हेंबरमध्ये राच्केविचनी शब्द दिला, घटनेने मला दिलेले खास अधिकार मी पंतप्रधानांच्या संमतीनेच वापरेन. घटना तीच ठेवली, तिचे दात काढले. हे सगळं तोंडी विश्वासावर चाललं होतं आणि विश्वास फारसा नव्हता. जुलै १९४० मध्ये राच्केविचनी सिकोर्स्कींना बडतर्फ केलं आणि लगेच आदेश मागे घ्यावा लागला.

तरी या सरकारकडे नुसता कागद नव्हता. पोलंडच्या बँकेचं ७५ टनांच्या आसपास सोनं रोमानिया, तुर्कस्तान, बैरूत असं फिरत फ्रान्सला पोचलं होतं. नौदलाची जहाजं ब्रिटनला पोचली होती. जगभर दूतावास होते. फ्रान्समध्ये नवीन सैन्य उभं राहत होतं, १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर सगळं लंडनला हललं आणि त्याच उन्हाळ्यात पोलिश वैमानिक ब्रिटनच्या आकाशात लढत होते. आणि पोलंडच्या आत, जर्मन ताब्याखाली, लंडनचा प्रतिनिधी, गुप्त शाळा-कॉलेजं, गुप्त कोर्टं आणि पुढे होम आर्मी नावाचं भूमिगत सैन्य, असं आख्खं भूमिगत राज्य याच सरकारला आपलं मानून चालत होतं. हे विसरून चालणार नाही. लंडनमधलं सरकार म्हणजे चार म्हाताऱ्यांचा क्लब ही प्रतिमा खूप नंतरची. १९४० ते १९४४ ते खरंखुरं सरकार होतं.

आता मान्यता या गोष्टीची किंमत बघा. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत युनियनवर हल्ला केला आणि स्टालिनला अचानक मित्र लागले. ३० जुलै १९४१ ला सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांचा करार झाला. दोन वर्षांपूर्वी संपलंय म्हणून जाहीर केलेलं राज्य परत अस्तित्वात आलं. करारात सीमेचा प्रश्न मोघम ठेवला म्हणून तीन मंत्र्यांनी राजीनामे दिले, त्यातले एक परराष्ट्रमंत्री ऑगस्ट झालेस्की, हे नाव लक्षात ठेवा. पण त्याच करारामुळे सोव्हिएतांनी सैबेरियात आणि मध्य आशियात हद्दपार केलेल्या पोलिश नागरिकांची सुटका सुरू झाली. तिला सोव्हिएत बाजूने "माफी" म्हटलं, गुन्हा काय होता ते कोणी सांगितलं नाही. जनरल आंदर्स यांच्याखाली सैन्य उभं राहिलं आणि १९४२ मध्ये एक लाखाहून जास्त लोक, सैनिक आणि त्यांच्याबरोबर बायका-मुलं, कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचले.

तिथून काही जण भारतात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडीला अनाथ मुलांसाठी कॅम्प काढला, आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला मोठी वसाहत उभी राहिली, सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. शाळा, चर्च, स्काउटची पथकं, नाटकं, सगळं पोलिश. खर्च कोणाचा, तर मुख्यतः लंडनमधल्या पोलिश सरकारचा. त्यांचं मुंबईत कॉन्सुलेट होतं, कॉन्सुल जनरल बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी निर्वासितांसाठी भरपूर काम केलं. थोडक्यात, घटनेतल्या त्या कलमातून निघालेली दोरी पॅरिस, लंडन, मुंबई करत कोल्हापूर संस्थानापर्यंत आलेली होती. आपल्याकडे वळिवड्याची गोष्ट माणुसकीची गोष्ट म्हणून सांगतात, ती आहेच, पण ती वसाहत एका चालू सरकारच्या प्रशासनाचा भाग होती हे सहसा कोणी सांगत नाही.

एप्रिल १९४३ मध्ये कातीनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांच्या सामूहिक कबरी सापडल्याचं जर्मनीने जाहीर केलं. लंडनच्या सरकारने रेड क्रॉसकडे चौकशी मागितली, आणि स्टालिनने २५ एप्रिलला संबंध तोडले. (खून सोव्हिएत गुप्त पोलिसांनी केले हे मॉस्कोने १९९० मध्ये कबूल केलं.) ४ जुलैला सिकोर्स्की जिब्राल्टरला विमान अपघातात गेले. नंतर तेहरानला चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन यांनी पोलंडची पूर्व सीमा पोलंडला न विचारता जवळजवळ ठरवून टाकली, आणि लंडनच्या पोलिश सरकारला ते बराच काळ स्पष्टपणे सांगितलंही नाही.

मग २२ जुलै १९४४. लाल सैन्य पोलंडमध्ये शिरलं आणि पोलिश कम्युनिस्टांच्या "राष्ट्रीय मुक्ती समिती"चा जाहीरनामा निघाला, पुढे या समितीला ल्युब्लिन समिती म्हणायला लागले. जाहीरनाम्यात काय म्हटलंय बघा: लंडनचं सरकार हे स्वयंघोषित आहे, ते एप्रिल १९३५ च्या बेकायदेशीर, फॅसिस्ट घटनेवर उभं आहे, खरी कायदेशीर घटना मार्च १९२१ ची. म्हणजे कम्युनिस्टांनी नेमकी तीच दुखरी जागा पकडली जी सिकोर्स्कींच्या माणसांनाही माहीत होती. युक्तिवाद चांगला होता, फक्त तो करणाऱ्यांना १९२१ च्या घटनेप्रमाणे कोणी निवडलेलं नव्हतं. आणि हा जाहीरनामा हेउम या पोलिश गावात निघाला असं कागदावर आहे, प्रत्यक्षात तो मॉस्कोत तयार झाला आणि तिथेच छापला गेला. मला ही जोडी फार बोलकी वाटते. एकाचा जन्मदाखला रोमानियात सही होऊन कुतीचा म्हणून दाखवलेला, दुसऱ्याचा मॉस्कोत छापून हेउमचा म्हणून. दोघांनाही पोलिश मातीचा पत्ता लागत होता. फरक इतकाच की पहिल्या कागदामागे खरंच निवडलेला पोलिश राष्ट्राध्यक्ष होता आणि दुसऱ्यामागे लाल सैन्य.

पुढचं वेगात झालं. होम आर्मीने जर्मनांविरुद्ध केलेला वॉर्साचा उठाव ६३ दिवसांनी चिरडला गेला. फेब्रुवारी १९४५ ला याल्टाला त्याच तिघा बड्या नेत्यांची परिषद झाली. लंडनचे माजी पंतप्रधान मिकोवायचिक वॉर्सातल्या, कम्युनिस्टांच्या वर्चस्वाखालच्या नव्या "राष्ट्रीय एकतेच्या" सरकारात उपपंतप्रधान म्हणून जायला तयार झाले, त्यांना वाटत होतं की निवडणुका होतील आणि आपला शेतकरी पक्ष जिंकेल. जुलै १९४५ च्या पहिल्या आठवड्यात ब्रिटन आणि अमेरिकेने वॉर्साच्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनची काढून घेतली. दूतावास गेले, सोनं पुढे वॉर्साकडे गेलं, हिशेब मिटवायला ब्रिटिशांनी एक समिती बसवली. मिकोवायचिकचं म्हणाल तर जानेवारी १९४७ च्या निवडणुकीत धडधडीत घोटाळा झाला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना जीव वाचवून पळावं लागलं. १९५२ ला नवी घटना आली, तिच्या मसुद्यावर स्टालिनने स्वतःच्या हाताने दुरुस्त्या केलेल्या आहेत.

मान्यता गेली याचा अर्थ वळिवड्यात काय झाला? ज्या सरकारच्या नावाने कॅम्प चालत होता ते ब्रिटिश भारताच्या लेखी आता सरकारच नव्हतं. मुंबईच्या कॉन्सुलेटचा आधार गेला, खर्च ब्रिटिश आणि आंतरराष्ट्रीय मदत संस्थांच्या वहीवर गेला, आणि माणसांपुढे प्रश्न की परत जायचं तर कुठे? यातले बहुतेक जण पूर्व पोलंडचे, लव्हूफ, विल्नो, त्या पट्ट्यातले, आणि तो सगळा भाग आता सोव्हिएत युनियनमध्ये होता. ज्या राज्याने तुम्हाला सैबेरियात पाठवलं त्याच राज्यात आता तुमचं घर. काही जण नव्या पोलंडला गेले, ज्यांचं माणूस आंदर्सच्या सैन्यात होतं ते ब्रिटनला गेले, बाकीचे ऑस्ट्रेलिया आणि आणखी कुठे कुठे. १९४८ पर्यंत वळिवडे रिकामं झालं आणि त्याच जागी फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित वसले, आजचं गांधीनगर. (वॉर्सात आज कोल्हापूरचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी तिथे गेले तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ते पहिल्यांदा कळलं.)

लंडनमध्ये मात्र कोणी दुकान बंद केलं नाही. हिशोब साधा होता: कलम २४ म्हणतं तह होईपर्यंत, तह झालेला नाही, पोलंड स्वतंत्र नाही, सबब राष्ट्राध्यक्ष आहेच. जमिनीच्या भाषेत सांगायचं तर सातबारा लंडनच्या नावावर आणि ताबा मॉस्कोच्या माणसांकडे, आणि तलाठ्याने कधीच ताबेदाराच्या नावाने फेरफार करून टाकलेला. व्हॅटिकन, स्पेन, आयर्लंड अशा मोजक्या ठिकाणी जुन्या पोलिश प्रतिनिधींना काही वर्षं जागा मिळत राहिली, व्हॅटिकनने १९७२ मध्ये शेवट केला.

पैसे नव्हतेच. परदेशातल्या पोलिश लोकांच्या वर्गणीतून "राष्ट्रीय तिजोरी" चालायची. लंडनमध्ये ४३ ईटन प्लेस या पत्त्यावर राष्ट्राध्यक्षांचं ऑफिस होतं, त्याला आपापसात "किल्ला" म्हणायचे. मंत्री दिवसा नोकरी करायचे आणि संध्याकाळी मंत्री असायचे. सेनापतींची अवस्थाही तीच, नॉर्मंडी ते हॉलंड चिलखती डिव्हिजन घेऊन लढलेले जनरल माचेक एडिंबरात हॉटेलच्या बारमध्ये काम करत होते. पेन्शन ब्रिटनने दिलं नाही, आणि १९४६ मध्ये वॉर्साने आंदर्स, माचेक यांच्यासह अनेक अधिकाऱ्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं होतं.

तरी या कागदी राज्यात जोर होता याचा एक भन्नाट पुरावा कॅनडात सापडतो. क्राकुफच्या वावेल राजवाड्यातले १६ व्या शतकातले विणलेले भव्य पडदे आणि राज्याभिषेकाची तलवार १९३९ मध्ये देशाबाहेर काढून कॅनडाला पोचवलेली. १९४५ नंतर वॉर्सा म्हणालं आमचं सामान परत द्या, लंडनच्या बाजूचे राखणदार म्हणाले मुळीच नाही. क्वेबेकचे मुख्यमंत्री द्युप्लेसी कट्टर कम्युनिस्टविरोधी, त्यांनी त्यांच्या ताब्यातल्या पेट्या द्यायला साफ नकार दिला. हे प्रकरण १९५९ ते १९६१ मध्ये जाऊन मिटलं. बहुतेक जगाने वॉर्साच्या सरकारला मान्य केल्यानंतर १५-१६ वर्षं त्या सरकारला स्वतःच्या राजाचे पडदे मिळत नव्हते.

आता कलमाची दुसरी बाजू, जी भक्तिभावाने लिहिणारे गाळतात. वारस राष्ट्राध्यक्ष एकटा नेमणार, आणि पदाला मुदत नाही. राच्केविच जून १९४७ मध्ये वारले. त्यांनी आधी समाजवादी नेते आर्चिशेव्स्कींचं नाव लिहिलं होतं, मरण्याआधी थोडे दिवस बदलून ऑगस्ट झालेस्कींचं लिहिलं. समाजवादी भडकले. झालेस्कींनी सात वर्षांनी पायउतार होईन असं सूचित केलं आणि १९५४ आलं तेव्हा खुर्ची सोडलीच नाही. परिणाम काय, तर आंदर्स, राचिन्स्की आणि आर्चिशेव्स्की यांनी "तिघांचं मंडळ" स्थापून वेगळी चूल मांडली आणि बहुतेक पक्ष, बहुतेक वर्गणीदार तिकडे गेले. देशाबाहेरच्या सरकाराचेही दोन तुकडे, एकाकडे घटना आणि दुसऱ्याकडे माणसं. अगदी वॉर्सा-लंडन वादाचीच छोटी आवृत्ती, फक्त रणगाड्यांशिवाय. झालेस्की १९७२ मध्ये वारले तेव्हाच दोन्ही गट एकत्र आले आणि मग मात्र शहाणपण येऊन राष्ट्राध्यक्षाने सात वर्षांनी जायचं असा पायंडा पडला: ओस्त्रोव्स्की १९७९ मध्ये गेले, राचिन्स्की १९८६ मध्ये. हे राचिन्स्की म्हणजे १९३९ मध्ये लंडनमध्ये पोलंडचे राजदूत होते तेच. युद्धाच्या आदल्या आठवड्यात ब्रिटनशी मदतीचा करार त्यांच्याच सहीने झाला होता, आणि पुढे वयाच्या १०१ व्या वर्षापर्यंत ते जगले, म्हणजे स्वतंत्र पोलंड त्यांनी परत बघितला.

१९८९ कडे येऊ. इथे पोलंडच्या आतलं खरं काम लंडनने केलेलं नाही, ते ग्दान्स्कच्या गोदीपासून सुरू झालेल्या सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेने केलं, हे स्पष्टच म्हणायला हवं. फेब्रुवारी ते एप्रिल सरकार आणि विरोधकांत गोलमेज चर्चा झाली, ठरलं असं की कनिष्ठ सभागृहाच्या ४६० पैकी फक्त १६१ जागांवर खुली लढत, नवीन सेनेटच्या सगळ्या १०० जागा खुल्या. ४ जूनला मतदान, दुसऱ्या फेरीनंतर सॉलिडॅरिटीकडे १६१ पैकी १६१ आणि सेनेटच्या ९९. समझोत्याचा भाग म्हणून राष्ट्राध्यक्षपद जनरल यारुझेल्स्कींना, ज्यांनी १९८१ मध्ये मार्शल लॉ लावला होता. १९ जुलैला ते लागणाऱ्या किमान मतांपेक्षा फक्त एक मत जास्त घेऊन निवडून आले. आणि त्याच दिवशी, १९ जुलै १९८९ लाच, लंडनमध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष साब्बात अचानक वारले आणि कलम २४ प्रमाणे रिशार्ड काचोरोव्स्कींनी पदभार घेतला. एका दिवसात पोलंडला दोन नवे राष्ट्राध्यक्ष, एक वॉर्सात एका मताने, एक लंडनमध्ये एकही मत न पडता. कादंबरीत कोणी असं लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

काचोरोव्स्की बियावीस्तोकचे. १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी पकडलं, फाशी सुनावली, नंतर ती बदलून कोलिमाच्या छावणीत सक्तमजुरी. सिकोर्स्की-मायस्की करारामुळे सुटले, आंदर्सच्या सैन्यात गेले, इटलीत मोन्ते कासिनोला लढले, आणि मग ब्रिटनमध्ये आयुष्यभर अकाउंट्सची नोकरी आणि पोलिश स्काउट. वळिवड्याला आलेली माणसं ज्या वाटेने निघाली, त्याच वाटेवरचा हा माणूस.

ऑगस्टमध्ये माझोव्येत्स्की पंतप्रधान झाले, डिसेंबर १९८९ ला घटनादुरुस्ती होऊन देशाच्या नावातला "जनवादी" शब्द गेला आणि गरुडाच्या डोक्यावर मुकुट परत आला. लंडनवाले तरी थांबले, यारुझेल्स्की असेपर्यंत शिक्के देणार नाही म्हणाले. १९९० च्या शेवटी थेट निवडणूक झाली, दुसऱ्या फेरीत लेक वालेसा सुमारे ७४ टक्के मतांनी जिंकले. २२ डिसेंबरला काचोरोव्स्की विमानाने वॉर्साला आले आणि राजवाड्यात, जो जर्मनांनी १९४४ मध्ये सुरुंग लावून उडवला होता आणि नंतर नव्याने बांधला, तिथे त्यांनी वालेसांच्या हाती राष्ट्राध्यक्षांचा ध्वज, शिक्के, मानचिन्हं आणि १९३५ च्या घटनेची मूळ प्रत दिली. यारुझेल्स्कींना बोलावलंच नव्हतं. वालेसांना हे दाखवायचं होतं की मला सत्ता त्यांच्याकडून नाही, १९३९ च्या राज्याकडून मिळतेय.

पण दाखवणं आणि असणं यात फरक आहे, आणि या प्रकरणाचा सगळ्यात उपयोगी भाग मला तिथेच दिसतो. वालेसांनी शपथ घेतली ती १९५२ च्या, म्हणजे स्टालिनच्या हाताने तपासलेल्या घटनेच्या दुरुस्त केलेल्या आवृत्तीखाली. १९३५ ची घटना एक दिवसही परत लागू झाली नाही. दिवाणी कायदे, कोर्टाचे जुने निकाल, जमिनीची कागदपत्रं, लग्नाची सर्टिफिकेटं, पश्चिमेकडच्या नव्या सीमेचे करार सगळं कम्युनिस्ट काळातलंच पुढे चाललं, आणि सुमारे ४० अब्ज डॉलरचं परदेशी कर्जही. ते कर्ज आम्ही घेतलंच नाही, आम्ही तर १९३९ चं राज्य, असं म्हणायची हिंमत वित्तमंत्री बाल्त्सेरोविच यांनी केली नाही, केली असती तर पुढे कोणी दमडी उसनी दिली नसती, त्यांनी बसून कर्जाची फेररचना करून घेतली. म्हणजे नव्या पोलंडने शिक्के लंडनकडून घेतले आणि फायली वॉर्साकडून.

१९९८ मध्ये सेनेटने ठराव करून सांगितलं की दुसऱ्या (युद्धाआधीच्या) आणि तिसऱ्या (१९८९ नंतरच्या) प्रजासत्ताकात कायदेशीर सातत्य आहे आणि मधलं राज्य सार्वभौम नव्हतं. ठराव झाला, पण त्याने एकही सातबारा बदलला नाही. ज्यांची घरं आणि कारखाने १९४५ नंतर सरकारजमा झाले त्यांना हे सातत्य कोर्टात दाखवून काही मिळवणं फार अवघड गेलं, वॉर्सातल्या जागांचे वाद तर अजून चालूच आहेत. ज्यांना सातत्याचा फायदा व्हायला हवा होता त्यांनाच तो कमीत कमी मिळाला, असं माझं मत.

मग लंडनच्या त्या ५१ वर्षांचा उपयोग काय झाला? काही जण म्हणतात शून्य, सॉलिडॅरिटीने जिंकलं. मला ते पूर्ण पटत नाही. १९८९ नंतर शेजारच्या देशांत राज्याची सुरुवात कुठून मोजायची यावर घोळ झाले. बाल्टिक देशांनी तर जुन्या सातत्याच्या आधारावर नागरिकत्वाचे कायदे केले आणि लाटव्हिया, एस्टोनियात लाखो रशियन भाषक बिननागरिकत्वाचे राहिले. पोलंडने तसं टोक गाठलं नाही. सातत्याचा मान शिक्क्यांच्या समारंभात देऊन टाकला आणि रोजचा कारभार आहे त्या कायद्यांवर चालवला. १९८९ ते १९९३ मध्ये माझोव्येत्स्की, बियेलेत्स्की, ओल्शेव्स्की, पाव्लाक, सुहोत्स्का असे पाच पंतप्रधान झाले, पाव्लाक तर ३३ दिवसांचे, १९९१ च्या पहिल्या पूर्ण खुल्या निवडणुकीत संसदेत २९ गट आले, सरकारं पत्त्यासारखी कोसळली, आणि या सगळ्या गोंधळात पोलंड हे राज्य आहे का असा प्रश्न मात्र कोणीही, मॉस्कोनेसुद्धा, विचारला नाही.